मामंजींच्या डाव्या अंगाची जागा

लग्न होऊन मी भरे गावात आले, त्याच्या आदल्या वर्षी मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अंगावरून वारं गेलं होतं. डावा पाय फरफटायचा, डाव्या हाताची बोटं नीट उघडायची नाहीत. काही महिन्यांनी त्यांना फेफरंही यायला लागलं. वाऱ्यानं मेंदूला इजा झाली म्हणून हे झटके येतात, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. रोजची गोळी चुकवायची नाही आणि माणसाला विस्तवापासून, पाण्यापासून लांब ठेवायचं.

"आमची भातशेती हाय," सासूबाई म्हणाल्या म्हणे. "पान्यापासनं लांब म्हंजी कुटं ठिवू ह्यांना?"

डॉक्टर हसले. "मग एकटं सोडू नका. झटका आला तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका."

लावणीच्या दिवसांत मामंजी हटून बसले, मी खाचरात उतरणारच. औत धरणं आता जमणार नव्हतं, तर बायकांच्या ओळीत लावणी करीन म्हणाले. मला तो शुद्ध हट्ट वाटला. वीतभर पाण्यात पालथा पडलेला माणूससुद्धा जातो, असं मी बोलून दाखवलं. सासूबाईंनी मला नुसत्या नजरेनं गप्प केलं.

लावणीत सासूबाईंचा हात गावात सगळ्यांत चपळ. त्या वर्षी मात्र त्या सगळ्यांच्या मागे. मामंजींच्या डाव्या अंगाला राहून रोपं सुटी करायच्या, त्यांच्या उजव्या हातात द्यायच्या, मग आपली लावायच्या. बायका चिडवायच्या, "नवरा काय पळून चाललाय व्हय?" मला वाटायचं, बाई थकली.

तिसऱ्या दिवशी मामंजींचा हात मध्येच थांबला, मान एकीकडे वळली आणि ते तोंडावर पडले. मी ओरडायच्या आत सासूबाईंनी त्यांना कुशीवर घेतलंसुद्धा. डोकं मांडीवर, आणि बोटांनी नाकातोंडावरचा चिखल काढणं चालू. कुणीतरी हुंगवायला चप्पल घेऊन धावत आलं.

"ठिव ती तितंच," त्या म्हणाल्या. "वारा लागू दे त्यांना."

तीन दिवस बाईनं त्यांच्यावरची नजर हलवली नव्हती. आणि मी तिला थकलेली समजत होते. माझी मलाच लाज वाटली.

दोन दिवसांनी मामंजी पुन्हा खाचरात उतरले. रोपं वाढून चालली होती, सासूबाईंचा हात मोकळा हवा होता. त्या मामंजींना म्हणाल्या, "सूनबाईला लावणी धड येत न्हाई. जरा शिकवा तिला."

मला लावणी माहेरीच येत होती. मी गुमान मामंजींच्या डाव्या अंगाला उभी राहिले आणि रोपं सुटी करून देऊ लागले. सासूबाई बघता बघता पार दुसऱ्या बांधाला पोचल्या.

मामंजी जड जिभेनं, सावकाश शिकवत होते. "दोन बोटांत धर. लई खोल खुपसू नगं." मग मान वर न करता, त्याच आवाजात म्हणाले, "आन् मी पडलो तर कुशीवर घे. चिखल आधी काढ."

"व्हय मामंजी," म्हणत मी त्यांच्या हातात पुढचं रोप दिलं.