नेस्ताचा पाव आणि कवीची खोकी

आमची शेजारीण नेस्ता मनुकांचा पाव करते. चॅपेलच्या चहापानात एकदा आमच्या गावकवी एमलिनने त्यावर चारोळी ऐकवली: या पावाने घराचा पाया भरावा! अख्खं गाव हसलं. नेस्ता गप्प राहिली, ती वीस वर्षं.

यंदा अॅबरिस्टविथ शहरातल्या अभिलेखागाराने एमलिनची हस्तलिखितं मागितली. त्याने फसलेल्या कविता शेकोटीत घातल्या, निवडक खोक्यात भरल्या आणि ऐटीत घेऊन गेला. तिथली बाई म्हणाली, "तुमचं एक खोकं आधीच आलंय की! नेस्ताबाईंनी दिलं."

त्यात तरुण एमलिनने नेस्ताची मनधरणी करताना लिहिलेल्या प्रेमकविता होत्या. छंद सगळे मोडलेले, आणि निम्म्या कवितांत तिच्याच पावाची स्तुती!

एमलिन धापा टाकत तिच्या दारात आला. मी कुंपणाशीच होते.

"नेस्ता, बाई गं, परत माग ते!"

"का रे? छान जपतात तिथे. कुणीही मागून वाचावं. ही माझी शेजारीण कालच वाचून, उतरवून घेऊन आली."

मग तिने पावाचा जाड तुकडा त्याच्यापुढे धरला. "घे, पाया भरून एवढा उरलाय."

कवीने तो मुकाट्याने खाल्ला. रविवारी चॅपेलात चहापान आहे, आणि त्या प्रेमकविता वाचायचं काम नेस्ताने माझ्याकडे दिलंय.