बी रिझिकीची समुद्रातली कवायत
समुद्रकाठच्या पांगानी गावात कुणाचं लग्न ठरलं की पिलाव बी रिझिकीच्याच हातचा लागे. वर कोण, वधू कोण, हे लोक मागाहून विचारीत. साठी केव्हाच उलटली होती, पण मोठ्या पातेल्यात डाव फिरवताना तिचे हात कधी थांबत नसत आणि जीभ तर त्याहून नाही.

त्या दिवशी शेजारच्या घरी लग्न होतं. अंगणात नारळांचा ढीग पडलेला. बी रिझिकी खवणीच्या बुटक्या लाकडी आसनावर बसली. त्या आसनाला तिथे सगळे बकरीच म्हणतात. गप्पा मारत मारत तिने ढीग संपवला आणि उठायला गेली, तर गुडघे हलेनात. हाताने जमिनीला रेटा दिला, पुन्हा खाली. शेवटी दोघी बायकांनी तिला काखेत हात घालून धरलं, तिसरीने मागून बकरी ओढली, तेव्हा कुठे ती उभी राहिली.

"वहिनी," तिची नणंद तुनू कांदा चिरता चिरता म्हणाली, "बकरी तुम्हाला सोडत नव्हती, की तुम्ही बकरीला?"

सगळं अंगण हसलं. बी रिझिकीही हसली, कारण न हसून भागणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचली. तिथल्या ओट्यावर मकामे शिंपी मशीन घेऊन बसे आणि कॉफी प्यायला येणारे म्हातारे त्याच्याभोवती.

"तुमच्याकडे बकरी आलीय म्हणे," मकामे म्हणाला. "दूध देते का?"

"दूध नाही देत. शिंगं मारते. येतोस बघायला?" असं म्हणून ती पुढे गेली खरी, पण घरी आल्यावर गुडघ्यांना कोमट तेल चोळताना तिचे डोळे भरून आले. उद्या लोक दुसरी बाई बोलावतील, हे काही तिला कुणी सांगायला नको होतं.

दवाखान्यातल्या सिस्टर अगाथाने गुडघे दाबून, वाकवून पाहिले. "झीज आहे. घाबरण्यासारखं नाही. पण रोज हालचाल हवी."

"अगं मुली, हलले की दुखतं म्हणून तर तुझ्याकडे आले."

"बसून राहिलात तर आणखी दुखेल, बीबी. सावकाश चाला. थोडं दुखलं तरी चालू ठेवा. जोरात कळ आली किंवा सूज चढली तर मात्र थांबा. आणि एका दिवसात जवान व्हायला जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज आटोपून बी रिझिकी चालायला निघाली. पण त्या गावात म्हातारं माणूस नुसतं चालू शकत नाही. भेटेल तो लहान माणूस "शिकामू" म्हणून पाया पडल्यासारखा नमस्कार करणार, आपण "मराहाबा" म्हणायचं, मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, गुडघे कसे आहेत. चार घरं ओलांडेपर्यंत ऊन वर आलं. चालणं कमी आणि उभं राहणंच जास्त झालं. त्यातून "कुठे निघालात?" हा प्रश्न. व्यायामाला, असं सांगायची तिला लाज वाटली. "मासळी आणायला," ती म्हणाली.

एकदा मासळी म्हटलं की मासळी आणणं आलं. रोज मासळी. आठवड्याच्या अखेरीला तिचा नवरा हमादी ताटाकडे बघत म्हणाला, "रिझिकी, मी तुझा नवरा आहे, मांजर नाही."

मग तिला खरं सांगावंच लागलं. हमादी जन्मभर होडीवर काम केलेला माणूस. ताट बाजूला सारत तो म्हणाला, "पाण्यात का चालत नाहीस? पाणी माणसाचं अर्धं ओझं स्वतः उचलतं. तुझं असेल तर थोडं कमी उचलेल."

सिस्टरला विचारलं, तर तिलाही ते पटलं. म्हणून बी रिझिकी सगळे उठायच्या आत मागच्या वाटेने, माडांतून, किनाऱ्यावर जाऊ लागली. अंगाला जुना कांगा, म्हणजे छापील सुती कापड, घट्ट गुंडाळायचा, कमरेइतक्या पाण्यात शिरायचं. हात वर करून, आकडे मोजत एक गुडघा वर, मग दुसरा. खेकड्यासारखं आडवं चालायचं, परत यायचं. पहिल्या दिवसांत कंबर अशी भरून यायची की घरी परतताना ती माडांना धरत चाले. पण पाण्यात असेपर्यंत अंग हलकं वाटे. ओहोटीने पाणी दूर गेलेलं असलं की ती उलथ्या पडलेल्या होडीला धरून तिथेच पाय हलवी.

ही गोष्ट झाकून किती दिवस राहणार? तुनूने एका पहाटे माडाआडून पाहिलं: वहिनी समुद्रात उभी, हात वर, तोंडाने काहीतरी पुटपुटतेय. दुपारपर्यंत गावभर झालं की बी रिझिकीला समुद्रातलं भूत प्रसन्न आहे.

तीन बायका भुतासाठी गुलाबपाणी आणि ऊद घेऊन दारात आल्या. एकीची कंबर धरलेली, एकीच्या टाचा दुखत होत्या, तिसरीला काय होतंय ते तिलाही नीट सांगता येत नव्हतं.

"आमची ओळख करून द्या," टाचवाली हळूच म्हणाली.

"कुणाशी?"

"तेच, पाण्यातल्याशी."

बी रिझिकीने कपाळाला हात लावला. "अगं, भूत कसलं आलंय? सिस्टर अगाथाने सांगितलेला व्यायाम आहे तो."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "हो हो," कंबरवाली म्हणाली, "तुम्हाला सांगायची बंदी असणार."

दुसऱ्या पहाटे तिघी पाण्यात हजर. बी रिझिकीने गुडघा उचलला, त्यांनी उचलला. ती आडवी चालली, त्याही चालल्या. मध्येच तिच्या कमरेत उसण भरली आणि ती पाठीवर हात ठेवून "अल्ला, मेले गं" म्हणाली. तिघींनी पाठीवर हात ठेवला आणि मोठ्या श्रद्धेने "अल्ला, मेले गं" म्हणाल्या.

बी रिझिकीला इतकं हसू आलं की तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. त्या तिघी हसण्याआधी जरा थांबल्या, हसणंही त्यात आहे का, याचा विचार करत. मग त्याही हसल्या, आणि भुताचा विषय तिथेच संपला. कंबरवाली पुढच्या आठवड्यात म्हणाली, "भूत नसेना का. झोप बरी लागते."

महिने गेले. रिझिकीचे गुडघे काही नवे झाले नाहीत. पावसाळी हवेत ठणकतात, जिना चढताना कुरकुरतात. पण आता आखडत नाहीत. इतके दिवस खुर्चीवर बसून नमाज पढणारी ती आता पहाटे चटईवर पढते. उठताना भिंतीला हात लावते, एवढंच. हमादी ते पाहतो आणि नमाज झाल्यावर तिची चटई स्वतः गुंडाळून ठेवतो. त्याच्या बाबतीत हे विशेषच.

तुनू मात्र बरेच दिवस किनाऱ्यावर बसून नावं ठेवायची. "वहिनी, भरती आली ती चंद्रामुळे, की तुम्ही चौघी उतरलात म्हणून?" तिचा खांदा आखडला होता, केस विंचरायलाही हात वर जात नव्हता, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रिझिकीला मात्र तिच्या वाकड्या भांगावरून कळलं होतं.

"वन्सं, या," एके दिवशी ती पाण्यातून म्हणाली. "कांगा भिजेल, इतकंच."

"मी फक्त तुम्ही बुडता का ते बघायला येते."

"जवळून बघा की मग."

तुनू कुरकुरत उतरली. गार पाणी पोटाला लागल्यावर तिने सगळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रिझिकीने तिचा हात हलकेच पाण्यावर ठेवला आणि लाटेबरोबर जेवढा वर जाईल तेवढाच जाऊ दिला.

"दुखतंय का?"

"दुखतंय."

"फार?"

तुनूने थोडा विचार केला. "तुमच्या बोलण्याइतकं नाही," ती म्हणाली, आणि हात तसाच पाण्यावर ठेवून पुढच्या लाटेची वाट बघू लागली.