बिनविरोध

आमच्या ओळखीचे एक प्राध्यापक हॅनोव्हरच्या विद्यापीठात निरनिराळ्या देशांतल्या निवडणुकांची तुलना करतात. वर्तमानपत्रातल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. मूळ निकालपत्रक हवं, तेही दुसरीकडून ताडून घेतलेलं. जेवताना कुणी एखाद्या देशातल्या लोकशाहीचं कौतुक केलं, तर घास हातात धरून जर्मन सवयीने विचारतात, "आल्झो, तर मग हे कुठे मिळालं तुम्हाला?" जिथे समोर दुसरा उमेदवारच नसतो, त्या देशाला ते आपल्या तक्त्यात सरळ शून्य गुण देतात.

यंदा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मी अर्ज भरला. सभेत सगळ्यांत आधी हेच प्राध्यापक उठले.

"ताई, मतदान कशाला? चार घरची माणसं आपण, उगाच मनं दुखावतात. जोशीकाका करतायत ना इतकी वर्षं, करू देत. तुम्ही मागे घ्या, बिनविरोध करून टाकू."

"म्हणजे तुमच्या तक्त्यात आपल्याला शून्यच ना?" मी विचारलं.

"छे हो," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "इतक्या लहान देशांची माहिती आम्ही गोळाच करत नाही."

सगळे खो-खो हसले. त्या हशातच जोशीकाका पुन्हा बिनविरोध अध्यक्ष झाले. माझा अर्ज मी अजून मागे घेतलेला नाही.