पसंतीक्रम एक

गेल्या वर्षी जुलै महिन्यात सलग चार दिवस मी एकच गोष्ट मागत होतो. माझ्या मुलाच्या प्रवेश अर्जात जे कॉलेज आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं, ते त्याला मिळू नये. मागण्याची सवय नसल्यामुळे हे नेमकं कोणाकडे मागायचं तेही ठाऊक नव्हतं.

मी भांडुपच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. बायको मुलुंडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आमचे दोन पगार मिळून फीसवलतीच्या मर्यादेच्या जरासे वर जातात, त्यामुळे सरकारच्या लेखी आम्ही सुखवस्तू आहोत. सरकार सोडून हे कोणालाच पटलेलं नाही.

मुलाला इंजिनिअर व्हायचं होतं. गुण चांगले होते, पण दारं आपोआप उघडावीत इतके नव्हते. नजरेसमोर दोन कॉलेजं होती. एक अंधेरीचं, काचेचं. दुसरं घाटकोपरचं, जुनं, भिंतीतून पिंपळ उगवलेलं. अंधेरीची फी घाटकोपरच्या कित्येक पट. ती भरायची तर भांडुपचं घर गहाण ठेवण्यावाचून मार्ग नव्हता, आणि भांडुपच्या घराखेरीज आमच्याकडे ठेवण्यासारखं काही नव्हतंच.

माहितीपत्रकांवर माझा विश्वास नाही, कारण ती कशी तयार होतात ते मी पाहिलंय. एकदा अशाच एका कॉलेजचं माहितीपत्रक तपासायला आलं होतं. ‘शंभर टक्के नोकऱ्या’ या ओळीशेजारी समासात मी लिहिलं, ‘कोणत्या वर्षी? कितीपैकी?’ वरून निरोप आला, ‘तेवढं तुम्ही बघू नका. तुम्ही फक्त चुका बघा.’

तरी पालकांच्या भेटीच्या दिवशी अंधेरीला गेलो. स्वागतकक्षात भिंतीवरून पाणी वाहत होतं. ते कशासाठी हे कोणी विचारत नव्हतं. ब्लेझर घातलेली एक मुलगी आम्हाला फिरवत होती.

‘‘सर, आमचं हायेस्ट पॅकेज या बोर्डवर आहे.’’

‘‘आणि मधल्याचं?’’

‘‘मधल्याचं म्हणजे?’’

‘‘सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मध्ये जो येईल त्याचं.’’

‘‘सर, आम्ही स्टुडंट्सना रांगेत उभं नाही करत,’’ ती म्हणाली. कॉलेजबद्दल तिला सार्थ अभिमान होता.

बाहेर पडलो आणि फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन पानं काढायला शिरलो. दुकानदार मालवणकडचा. मशीनमधून एक रेझ्युमे बाहेर येत होता.

‘‘कॉलेजचीच मुलं का?’’

‘‘होती. मागच्या वर्षी पास झाली. रोज दोघं-तिघं येतत. कागद मात्र जाडच लागता हां त्यांका.’’

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला गेलो, तो थेट समोरच्या झेरॉक्सवाल्या बाईंकडे. त्या जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बांधत होत्या. शेवटच्या वर्षाची मुलं रेझ्युमे काढायला येतात का, विचारलं.

‘‘शेवटच्या वर्षाची? ती दिवाळीनंतर दिसतायत कुठे! कामाला लागतात, परीक्षेपुरती उगवतात.’’

‘‘सगळी?’’

‘‘सगळी कशी लागतील, काका? राहतात थोडी. ती इथेच बाकड्यावर बसून माझं डोकं खातात. नावानिशी ओळखते एकेकाला.’’

दोन झेरॉक्सवाल्यांच्या साक्षीवर मुलाचं भवितव्य ठरवणं शास्त्रीय नाही, हे मला कळत होतं. पण पाणी वाहणाऱ्या भिंतीपेक्षा ते बरं होतं. घरी तिघांचं एकमत झालं. घाटकोपर पहिलं, अंधेरी यादीत सगळ्यात शेवटी, तेही काढूनच टाकावं का यावर विचार चालू.

अर्जाची मुदत रविवारी संध्याकाळी पाचला संपत होती. साडेतीनला बोरिवलीहून मेहुणा आला. तो त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे कोणत्याही कागदावर त्याला मत असतं.

‘‘दाजी, पहिल्या नंबरवर घाटकोपर? अहो, तिथे भिंतीत पिंपळ आलाय!’’

‘‘पिंपळाची वेगळी फी घेत नाहीत.’’

‘‘मस्करी सोडा. वर अंधेरी टाका. मिळणार तर नाहीच, कटऑफ बघा ना गेल्या वर्षीचा. पण चार लोक विचारतात, कुठे ट्राय केलंत? सांगायला नको?’’

‘‘मामा, तुझ्या ग्रुपसाठी मी अंधेरीला जाऊ?’’ मुलगा म्हणाला.

‘‘जातोयस कशाला? नुसतं लिहायचं रे!’’

आमच्या नात्यागोत्यात हल्ली अर्जाचा फोटो ग्रुपवर टाकायची रीत पडली आहे. निकाल लागायचा तेव्हा लागो, आधी लोकांनी अर्जाला अंगठे दाखवायचे. मेहुण्यावर ढकलून मी मोकळा होऊ शकतो, पण तसं नव्हतं. स्वतः शिकलो ते रात्रशाळेत. माझ्या मुलाच्या नावासमोर ते काचेचं कॉलेज एकदा छापल्यासारखं दिसावं, असं मला वाटलं. अंधेरी मीच वर सरकवलं. आलेला ओटीपीही मीच टाकला. अर्ज कायम झाला. ग्रुपवर अंगठे आले.

सोमवारी छापखान्यात पानं लावणाऱ्या बाईंनी विचारलं, पहिलं कोणतं कॉलेज टाकलंत? त्यांच्या मुलीने आदल्या वर्षी हेच सगळं केलं होतं. मी सहज सांगावं तसं अंधेरीचं नाव सांगितलं. त्यांचा माऊसवरचा हात थांबला.

‘‘परवडतंय तुम्हाला?’’

‘‘मिळणार नाही हो.’’

‘‘आणि मिळालं तर? पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की सिस्टीम विचारत नाही. थेट फ्रीझ. तेच घ्या, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. घाटकोपर विसरा. पुस्तिका नाही वाचलीत?’’

वाचली होती. तीन चुका काढल्या होत्या तिच्यात. नियम तेवढा नजरेखालून गेला होता.

त्या दिवशी एक मुद्रित चार वेळा वाचलं आणि एक शब्द कळला नाही. अंधेरीच्या जागा या वर्षी वाढल्यात, कटऑफ खाली येणार, असंही कोणीतरी जेवताना म्हणालं. एरवी अशी बातमी कुठून आली ते मी विचारतो. त्या दिवशी विचारायची छाती झाली नाही.

घरी सांगितलं.

‘‘अहो, लोकांच्या ओळीओळीत चुका काढता ना तुम्ही,’’ बायको एवढंच म्हणाली.

बुधवारी कामावरून आलो तर घराच्या कागदांची पिशवी कपाटाच्या तळातून वरच्या खणात आली होती. पुसून ठेवलेली. मी बायकोकडे पाहिलं नाही, तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मुलाचं बोलणं त्याहून वाईट होतं. ‘‘बाबा, अंधेरी लागलंच तर मी नाही घेत. एक वर्ष थांबतो. कुठेतरी काम बघतो.’’ इतक्या शांतपणे म्हणाला, की आधी पाठ केलं असावं. अंगठे मिळवण्यासाठी मी त्याचं एक वर्ष पणाला लावलं होतं, आणि तो मलाच धीर देत होता.

शुक्रवारी संध्याकाळी यादी लागली. पान उघडता उघडेना. गोल फिरणाऱ्या त्या चक्राकडे तिघं बघत होतो. मग अक्षरं आली. घाटकोपर. पसंतीक्रम दोन.

बायकोने ते पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि खरं तेच लिहायचं तर, लगेच थोडा अपमानही वाटला. अंधेरीने माझ्या मुलाला नाकारलं?

फोन वाजला. मेहुणा. ‘‘दाजी, फ्रीझ करू नका हां! बेटरमेंट ठेवा. पुढच्या फेरीत अंधेरी पक्कं!’’

पडद्यावर दोन बटणं होती: फ्रीझ म्हणजे हीच जागा घ्या, बेटरमेंट म्हणजे वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत थांबा. चार दिवस ज्याला घाबरून जेवण गेलं नव्हतं, ते परत मागण्याची सोय सरकारने करून ठेवली होती. आणि माझा अंगठा लगेच खाली आला नाही. दोन-तीन क्षण असतील, पण तो थांबला होता. मुलाने ते पाहिलं.

‘‘द्या इकडे, बाबा,’’ तो म्हणाला. फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि फ्रीझ दाबलं. ओटीपी त्यानेच टाकला.

पिशवी त्याच संध्याकाळी परत तळाशी गेली, गोधड्यांच्या खाली.

आता तो दुसऱ्या वर्षाला आहे. भीती गेली असं नाही, ती फक्त दोन वर्षं पुढे सरकली. महिन्यातून एकदा काहीतरी काम काढून मी घाटकोपरला जातो आणि त्या झेरॉक्सच्या दुकानावरून चालत येतो. नोकरीविना राहिलेली किती मुलं बाकड्यावर बसलीत ते मोजतो. बाईंशी बोलत नाही. माझ्या मुलाचं नाव त्यांना कधीच कळू नये, एवढंच सध्या मागतो.