‘चाललं’ म्हणणारी माणसं

सबंध इमारतीत मिस्त्री हा एकच माणूस असा, की कुणाचं शिलाई मशीन बिघडलं की याचा चेहरा उजळायचा. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातली चाळीस मशीनं मिस्त्रींच्या हवाली होती. दिवसभर हात तेलात, आणि घरी आल्यावर हात धुऊन पुन्हा मशीनंच, फक्त फोनमधली. ‘सुईदोरा’ नावाच्या फोरमवर कुठकुठले शिवणारे आपापली रड घेऊन यायचे आणि मिस्त्री जेवण गार करून त्यांना उत्तरं द्यायचे.

त्या फोरमचा एक खाष्ट नियम होता. उत्तर कितीही बरोबर असो, तो उपाय करून बघितलेल्या माणसानं परत येऊन खाली ‘चाललं’ असं लिहिल्याशिवाय ते मोजायचंच नाही. अशी शंभर ‘चाललं’ जमली की नावापुढे ‘जाणकार’ लागायचं. आता तुम्हीच सांगा, मशीन सुरू झाल्यावर परत कोण येतं? दाढ दुखायची थांबल्यावर दातांच्या डॉक्टरला कुणी फोन करतं?

तीन वर्षांत मिस्त्रींच्या पदरात एकोणीस पडली. खालच्या मजल्यावरचा टेलर जिन्यात गाठून विचारायचा, “काय गुरुजी, आज कुणाचं चाललं का?” मिस्त्री हसल्यासारखं करायचे आणि वर येऊन बायकोपुढे गाऱ्हाणं सुरू. “काम झालं की पळाले. एक शब्द टाकायला बोटं झिजतात यांची!”

बायको सकाळच्या शाळेच्या ऑफिसात कारकून, दुपारी बारापर्यंत घरी. टायपिंगचा हात असा, की मुख्याध्यापिकेचं वाक्य संपायच्या आत हिचं पत्र तयार. ती भाकरी वाढायची आणि म्हणायची, “लिहितील हो. तुम्ही जेवा.”

आणि खरंच की, चौथ्या वर्षी लोकांना पालवी फुटली! ‘नाजूक टाका’ नावाच्या एक बाई आल्या, मग ‘दुहेरी शिवण’, मग ‘काजबटण’. उत्तर पडलं की दोन दिवसांत खाली ‘चाललं’. मिस्त्रींची मान ताठ झाली. आधी ते ‘बहुधा’, ‘करून बघा’ असं चाचपडत लिहायचे, आता ‘असंच करा’ लिहू लागले. शंभरावं पडलं त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले. टेलरला मुद्दाम दोन दिले, तोंड बंद राहावं म्हणून.

‘जाणकार’ म्हणून बावीस दिवस सुखात गेले, आणखी तीन ‘चाललं’ पडली. तेविसाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला, तर ‘जाड कापड’ नावाच्या कुणा शिंपीणबाईंचा निरोप.

“तुम्ही लिहिलंत, टाके सुटत असतील तर सुईचा दांडा किंचित खाली घ्या. मी घेतला. दोन फेऱ्यांत सुई खालच्या, दोरा पकडणाऱ्या हुकावर आपटली आणि हुकाचं टोक उडालं. सोमवारी एका दवाखान्याचे पडदे द्यायचेत, पहिलंच मोठं काम आहे माझं. तुम्ही ‘बहुधा’ लिहिलं होतंत, पण खाली ‘चाललं’ होतं. म्हणून केलं.”

मिस्त्रींनी आपलं जुनं उत्तर काढून वाचलं. ‘हे मॉडेल माझ्या हाताखालून गेलेलं नाही. बहुधा दांडा खाली घ्यावा लागेल. कुणी केलं तर कळवा.’ आणि खाली नाजूक टाका. ‘चाललं! एकदम लोण्यासारखं!’ त्या लोण्यावर विसंबून मिस्त्रींनी तोच उपाय पुढे तीन जणांना ठणकावून सांगितला होता.

पण मग त्या नाजूक टाकाबाईंचं चाललं कसं? हात पुसून मिस्त्रींनी त्यांना लिहिलं. “ताई, तुमचं मॉडेल कोणतं? हुकाजवळचा फोटो पाठवता का? एका बाईंचं काम अडलंय.”

फोटो आला. सुई, दाबपट्टी, खाली उघडा हूक. आणि सुई आवळायच्या जागी पितळी, अर्धगोल डोक्याचा स्क्रू. असला स्क्रू कुठल्याही कंपनीच्या मशीनला येत नाही. तो सायकलच्या दिव्याचा होता. घरातल्या जुन्या मशीनचा मूळ स्क्रू हरवला, तेव्हा मिस्त्रींनी स्वतः कानशीनं घासून तो बसवला होता. उरलेली सुट्टी ते डबा न उघडता बसून राहिले.

संध्याकाळी बायको खिडकीशी कोथिंबीर निवडत होती. मिस्त्रींनी चपलाही काढल्या नाहीत. फोन तिच्यापुढे धरला.

“नाजूक टाका म्हणजे तू?”

बायकोनं एकदा फोनकडे, एकदा मशीनकडे बघितलं. “कशावरून ओळखलंत?”

“किती लिहिलीस?”

“अहो, पाच-सहाच लिहिणार होते. रोज जेवताना तुमचं ते पडलेलं तोंड...”

“किती?”

“एकेचाळीस.”

“दुहेरी शिवण?”

“मीच.”

“काजबटण?”

“तीही.” मग तिचा आवाज चढला. “आणि काय वाईट केलं? तुम्हाला येतंच की सगळं. लोक मेले आळशी, त्यांच्या वाटचं मी लिहिलं. कुणाच्या घरावर दरोडा घातला?”

“अगं, मी ‘बहुधा’ लिहिलं होतं.”

“मग?”

“मला माहीत नव्हतं म्हणून लिहिलं होतं! तू म्हणालीस चाललं, मला खरं वाटलं. मलाच खरं वाटलं गं.”

निवडलेली आणि न निवडलेली कोथिंबीर बायकोच्या हातून एकत्र झाली.

मिस्त्रींनी शिंपीणबाईंकडून तुटक्या हुकाचा फोटो मागवला, कपाटातून त्याला जुळणारा नवा हूक काढला, तो बसवायचा कसा ते कागदावर चित्र काढून लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुरियरनं पाठवला. शिंपीणबाईंचं उत्तर शनिवारी आलं, “मिळाला.” पुढे काही नाही.

रविवारी त्यांनी बायकोला शेजारी बसवलं. ती एकेका उत्तरावर बोट ठेवायची, “हे माझं,” आणि मिस्त्री खाली लिहायचे, ‘हे चाललं खोटं आहे. माझ्याच घरातून लिहिलं गेलं. धरू नये.’ एकेचाळीस वेळा. ज्या तिघांना ठणकावलं होतं, त्यांना वेगळं कळवलं. ‘जाणकार’ त्याच दुपारी गेलं. त्याचं एक वेळ ठीक होतं. पण खाली कुणीतरी लिहिलं, “उरलेली बासष्ट तरी कुणाच्या घरातली?” त्या बासष्टांत तीन वर्षं वाट बघून मिळालेली एकोणीसही होती.

टेलरनं वाचलं असावं. जिन्यात त्यानं नुसतीच मान हलवली, गुरुजी म्हणाला नाही. चेष्टेपेक्षा ते जास्त लागलं.

आठवड्यानं एक प्रश्न आला. ‘बॉबिन भरताना दोरा एकाच बाजूला का गोळा होतो?’ सोपा प्रश्न, झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील असा. मिस्त्रींनी दोन ओळी लिहिल्या आणि बोट तसंच थांबलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं.

“हा प्रश्न तुझा नाही ना?”

“नाही हो. शपथ.”

मिस्त्रींनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग लिहिलेल्या दोन्ही ओळी पुसल्या आणि फोन पालथा घातला.