डासांच्या पावडरीच्या बेचाळीस पुड्या

त्या दिवशीचा पंचनामा मला आजही तोंडपाठ आहे. १९६० च्या आसपासचा श्रावण, बाजाराचा दिवस, सकाळचे दहा. ठिकाण कसालच्या बाजारातले एक किराणा दुकान. हजर मी, माझा हवालदार, दुकानदार आणि दोन पंच, एक शिंपी व एक चहाचा हॉटेलवाला. जप्त माल, डासांच्या पावडरीच्या बेचाळीस पुड्या, दर पुडीला चार आणे, एकूण साडेदहा रुपये. नये पैसे येऊन तीनेक वर्षे झाली होती, पण बाजार अजून आण्यांतच बोलत असे.

एवढ्याशा मुद्देमालाची आठवण कोणी लिहीत नाही. मी लिहितो, कारण त्या पंचनाम्यातल्या माझ्या एका शब्दामुळे एका निरपराध माणसाची नोकरी जाणार होती.

तेव्हा मी फौजदार होतो आणि हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. पावसाळ्यात भातशेतीत, विहिरींवर, माडाच्या बागांत डास माजत. घरोघरी संध्याकाळी नारळाच्या सोडणांची नाहीतर कडुनिंबाची धुमी घालत. हातपंपाने मारायचे बाटलीतले औषध शहरी दुकानांत मिळे, पण ते डॉक्टर-वकिलांना परवडणारे. मच्छरदाणी असलीच तर घरात एक, तीही पाहुण्यासाठी. गणपतीच्या चवथीला मुंबईची माणसे मुलाबाळांसह येणार, आणि चार दिवसांत मुलांचे हातपाय फोडांनी भरणार, ही प्रत्येक घरच्या बाईची काळजी. अशा वेळी चार आण्यांत पुडी मिळाली आणि दुकानदार हळूच म्हणाला, 'सरकारी माल आहे,' तर ती खपणारच. सरकारच्या मलेरिया खात्याने घरोघरी डीडीटी फवारून डास मारले होते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

खबर दिली धामापूरच्या एका निवृत्त मास्तरांनी. त्यांचा तर्क सरळ होता. आषाढात मलेरियाचा माणूस पंप घेऊन घरी येऊन गेला, तरी डास कमी झाले नाहीत. इकडे बाजारात सरकारी पावडर पुडीने मिळते. म्हणजे त्याने घरात नुसते पाणी मारले आणि पावडर विकली. मला तर्क पटला. मी छापा घातला आणि पंचनाम्यात लिहिले, 'डीडीटी पावडरीच्या बेचाळीस पुड्या.' पुड्यांना फवारणीच्या औषधासारखा रॉकेलचा उग्र वास होता, रंग पांढरा होता. मला तेवढे पुरले.

दुकानदार माझ्यासमोर शुद्ध मराठीत बोलला. मलेरियाच्या माणसाकडून माल विकत घेतला, चोरीचा आहे हे ठाऊक नव्हते, असा जबाब त्याने दिला. मी त्या फवारणी कामगाराला ताब्यात घेतले. पंचविशीतला, देवबागचा, रोजंदारीवरचा माणूस. दोन वर्षे हंगामी काम केल्यावर त्या महिन्यात त्याचे नाव कायम करण्यासाठी वर गेले होते. खात्याने त्याच दिवशी त्याला कामावरून बंद केले. चोरी शाबीत झाली तर सरकारी नोकरीचे दार त्याला जन्मभर बंद होते.

दोन दिवस मी त्याला उलटसुलट विचारले. खोटे बोलणारा माणूस सहसा दर वेळी थोडी भर घालतो. हा दर वेळी तेच सांगत होता, शब्दही तेच.

"सायब, दोन वर्सां पाठीर पंप घेऊन फिरलंय ता कायम होवच्यासाठी. चार आण्यांच्या पुडयेसाठी नोकरी घालवतलंय?"

तिसऱ्या दिवशी देवबागची एक मासेविक्री करणारी बाई टोपली घेऊन ठाण्यावर आली. टोपली तिने पायरीवर ठेवली, हवालदाराला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले आणि माझ्या टेबलावर एक उघडी पुडी ठेवली. ती कामगाराच्या शेजारची. सुके मासे विकायला कसालला येई, तिथेच तिने ही पुडी घेतली होती. आदल्या दिवशी बांगड्यांना हळद-मीठ लावता लावता तिने ती तशाच हाताने उघडली. तिने उजवा तळवा माझ्यापुढे धरला. बोटे कुंकवासारखी लाल होती.

"ह्यो चुनो आसा, सायबा. हळदीचो हात लागलो नि लाल झालो. ह्यां तर घरातल्या पोरीक पण कळता. तुमच्या ठाण्यात कोणाक कळूक नाय?"

हवालदार खाली बघून हसला. मला हसण्याची सोय नव्हती.

मी मलेरिया खात्याच्या साठ्यातून मूठभर खरी पावडर मागवली, त्याच दोन पंचांना बोलावले आणि दुकानात गेलो. हळद दुकानदाराच्याच डब्यातून काढायला लावली. दोन बशांत ती पाण्यात कालवली. एकीत खरी पावडर टाकली, हळद पिवळीच राहिली. दुसरीत त्याच्या पुडीतली टाकली, बशी लाल झाली.

शिंपी म्हणाला, "शेटानू, माज्या बायलेन तुमच्याकडसून तीन पुडये नेल्यान."

त्या वाक्याने दुकानदार खचला. माझ्या प्रश्नांना तो भ्यायला नव्हता. चोरीचा माल अजाणता घेतला म्हटले तर बाजारात नाव शाबूत राहते, गिऱ्हाइकाला चुना विकला म्हटले तर दुकान बसते. म्हणून त्याने चोरीची कहाणी रचली होती. चवथीच्या रंगकामासाठी तो किनाऱ्यावरच्या भट्टीतला शिंपल्यांचा चुना आणून विकत असे. उरलेला चुना चाळायचा, पुड्या बांधायच्या आणि वास लागावा म्हणून रात्रभर रॉकेलच्या खोक्यात ठेवायच्या. एवढाच त्याचा कारखाना.

मग मास्तरांच्या घरचे डास कुठून आले? मी धामापूरला गेलो. पडवीपासून माजघरापर्यंत भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या, गणपतीच्या जागेमागे वेलबुट्टी काढायला घेतली होती. फवारणी झाली की कामगार दाराशेजारी गेरूने तारीख घालतो. इथे तारीख नव्हती. मी किल्लीने चुना खरवडला. दुसऱ्या खरवडीला खालून लाल आकडे निघाले. आषाढातली तारीख. औषध भिंतीवर होते, पण त्यावर चुन्याचे दोन हात बसल्याने भिंतीवर टेकणाऱ्या डासाला ते लागतच नव्हते.

मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, "चवथीक भिंती तशेच ठेवूचे काय, भावजी? गणपती येतलो मा."

मास्तरांनी चष्मा लावून ते आकडे वाचले. मग त्यांनी स्वतःहून कागद मागितला आणि आपली तक्रार चुकीची होती, असे सहीनिशी लिहून दिले. शिक्षकाला ते सोपे नसते. गावात आणखी अकरा घरे पाहिली. दहांत चुन्याखाली तारीख निघाली, अकराव्या घराला अजून चुना लावायचा होता, आणि डास कमी होते ते तिथेच.

कामगाराला मी त्याच संध्याकाळी सोडले आणि खात्याला पत्र लिहिले. दुकानदारावर फसवणुकीचा खटला झाला. मुंबईच्या रासायनिक तपासणीचा अहवालही चुना असाच आला. पण पहिल्या पंचनाम्यातले 'डीडीटी' आरोपीच्या वकिलाने मोठ्याने वाचून दाखवले आणि भर कोर्टात मला ती चूक कबूल करावी लागली. त्यानंतरच्या साऱ्या नोकरीत मी पंचनाम्यात जे दिसले तेवढेच लिहिले. पांढरी भुकटी म्हणजे पांढरी भुकटी. पिवळ्या धातूची अंगठी म्हणजे पिवळ्या धातूची अंगठी. नव्या फौजदारांना हेच शिकवले, आणि ज्याने हे पाळले त्याची केस कोर्टात पडताना मी फारशी पाहिली नाही.

दुकानदाराने पन्नास रुपये दंड भरला, तो सरकारजमा झाला. कामगाराला कामावरून बंद ठेवलेल्या अकरा दिवसांची मजुरी, दोन रुपये रोजाने बावीस रुपये, खात्याने दिली. दिवाळीनंतर तो कायमही झाला.

राहिली ती मासेवालीची पुडी. ती मुद्देमालात गेली आणि निकालानंतर बाकीच्यांबरोबर नष्ट झाली. बाई मात्र बाजाराच्या दर दिवशी ठाण्याच्या पायरीवरून विचारी, "माजी पुडी खंय आसा?" कोर्टाच्या हुकमात तिच्यासाठी काही नव्हते. शेवटी मी खिशातून चार आणे काढून तिच्या हातावर ठेवले. तिने नाणे उलटून पाहिले, कनवटीला लावले आणि टोपली उचलली.

"आता मिटली तुमची केस," ती म्हणाली.