गोळ्यांची सावड

आबांना जाऊन दोन महिने झाले होते आणि काका अजून आमच्या ओट्यावर चढले नव्हते.

आबा म्हणजे माझे वडील. काका नात्याचे कोणी नाहीत. आमच्या बांधाला त्यांचा बांध लागून आहे, एवढंच. पण बोरीजवळच्या आमच्या गावात त्या दोघांना वेगवेगळं फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं. दोघांची लग्नं एकाच आठवड्यात झाली, दोघांचे दात मागेपुढे पडले, आणि म्हातारपणी दोघांची हृदयंही एकाच वर्षी थकली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हृदयाचा पंप कमजोर झालाय." आबांनी शांतपणे विचारलं, "मोटार जळाली का नुस्तं पानी कमी फेकायली?" डॉक्टर म्हणाले, पाणी कमी फेकतेय. "मंग चालतंय," आबा म्हणाले, आणि काकांनीही आपल्या वतीने मान डोलावली.

तेराव्याला काका आले होते, पण जेवले नाहीत. पंगती उठल्यावर त्यांनी मला लिंबाखाली बोलावलं.

"तुझ्या बापाच्या वाटनीचं औषध म्या खाल्लं का न्हाई, तेवढं दवाखान्यात इचारून सांग."

"काका, असं काही नसतं."

"आसतंय. तो गेला आन् म्या हाय. खाल्लं आसंल तर तुमच्या घरचं पानीबी मला चालनार न्हाई." एवढं बोलून ते काठी टेकत निघून गेले.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. काका रोज सकाळी वजन करायला आमच्याकडेच यायचे. अशा आजारात अंगात पाणी साचलं की वजन एकदम वाढतं, म्हणून रोज काट्यावर उभं राहून वहीत आकडा लिहायचा असतो. ते यायचे बंद झाले आणि वजन बघणंही बंद झालं. त्यांची सून मला वाटेत भेटली की सांगायची, पाय सुजलेत, चपलेत मावत नाहीत, दवाखान्यात चला म्हटलं तर "मला कशाला" म्हणतात. एवढ्या एका प्रश्नावर म्हातारा हळूहळू पाण्याने भरत चालला होता.

वाटणीची गोष्ट काय होती, ते आता सांगते.

परभणीच्या त्या दवाखान्यात अशाच थकलेल्या हृदयांवर एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. रोजची औषधं ज्याची त्याने घ्यायचीच, वर ही एक गोळी. आबा आणि काका दोघांनाही विचारलं गेलं. संमतीचा कागद सोळा पानांचा होता. मी जिंतूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे; छापलेलं काही अर्धवट सोडणं मला जमत नाही. मी दोघांना ओट्यावर बसवून सोळाच्या सोळा पानं वाचून दाखवली. सहाव्या पानावर काका झोपले. जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "मेलो तर काय, ते पान गेलं का?"

"गेलं."

"मंग तेवढं पुना वाच."

अकराव्या पानावर मुख्य गोष्ट होती. निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी, आत औषध नसलेली गोळी मिळणार. कोणाला कोणती, हे ना रोग्याला कळणार ना डॉक्टरला.

"डॉक्टरलाबी म्हाईत न्हाई?" आबा.

"नाही."

"मंग कोनाला म्हाईत हाय?"

"कॉम्प्युटरला."

असं का करतात, हे मी समजावून सांगू लागले, तर आबांनी मला मध्येच थांबवलं. "कळलं. नवं खत आनलं तर समद्या रानाला टाकत न्हाईत. एक पट्टा तसाच सोडायचा. मंग कळतंय पीक खतानं आलं का पावसानं." इतकं सोपं करून त्या सोळा पानांतही कुठे लिहिलेलं नव्हतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तो जरा लवकरच वाटला.

"मंजी आपल्या दोघांत एक जन उपाशी," काका म्हणाले.

दोघांनाही खरी मिळू शकते, दोघांनाही खोटी मिळू शकते, असं मी तीनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

अभ्यास सुरू झाला. महिन्यातून एकदा आम्ही तिघं एसटीने परभणीला जायचो. अभ्यासाचं सगळं एक तरुण डॉक्टर बाई बघायच्या. आबा आणि काकांना दवाखान्यातून एकेक वजनकाटा मिळाला होता. काकांचा काटा पहिल्याच दिवशी नापास झाला. त्यांनी त्यावर खताचं पोतं ठेवून पाहिलं आणि काटा पोत्याशी सहमत झाला नाही. पोतं खोटं असेल ही शक्यता त्यांना मान्य नव्हती. म्हणून ते आमच्या काट्यावर यायचे. पटका काढून उभे राहा, असं मी दोघांना रोज सांगायची. आबा म्हणायचे, "पटका काय आजारी हाय का?" मग पटक्यासकट आकडा लिहिला जायचा, माझ्याच वहीत, शेजारी शेजारी दोन रकान्यांत.

पाणी दिवसाला दीड लिटरच प्यायचं होतं. चहा त्यात धरायचा का, यावर पंधरा दिवस वाद झाला. काकांचं म्हणणं होतं की चहा पेय नसून पाहुणचार आहे.

चालण्याची परीक्षा तर बघण्यासारखी असायची. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायचं आणि किती अंतर झालं ते मोजायचं. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना रोगी आणि त्यांचे नातेवाईक बसलेले. त्यात चारठाण्याचा कोणी, पालमचा कोणी, बोरीच्या बाजारात बैल घेतलेला कोणी. आबा दर चार पावलांना थांबून राम राम घालायचे.

"आबा, थांबायचं नाही. बोलायचं नाही," बाई घड्याळ धरून ओरडायच्या.

"बोलायलो न्हाई माय, नुस्ता राम राम."

पुढच्या वेळी त्यांनी बोलणं बंद केलं आणि चालताना हात जोडून ठेवले. पण समोरून उत्तर आल्याशिवाय पाय उचलणं त्यांना शोभेना. कागदावर त्यांचं अंतर कमी दिसायचं; त्यातलं हृदयामुळे किती आणि ओळखींमुळे किती, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

एका गोष्टीत मात्र बाई खूश होत्या. प्रत्येक फेरीला उरलेल्या गोळ्या मोजल्या जात. त्या दोघांच्या नेहमी बरोबर भरायच्या. "तुम्ही दोघं आमचे सगळ्यात शिस्तीचे पेशंट," असं त्यांनी म्हटल्यावर दोघं एकमेकांकडे न बघता जमिनीकडे बघत. मला तो विनय वाटला.

चौथ्या महिन्यात, एका रविवारी मी परसात गेले तर दोघं समोरासमोर बसलेले. मध्ये परात. परातीत पांढऱ्या गोळ्या. आबा दोन्ही हातांनी त्या कालवत होते, पेरणीआधी बियाण्याला औषध चोळताना कालवतात तशा. मग त्यांनी मापाने मोजावेत तसे दोन ढीग केले, "एक तुला, एक मला," आणि दोन बाटल्यांत परत भरल्या.

"हे काय करायलात तुम्ही?" माझ्या तोंडून गावची बोली निघाली, एरवी मी ती कामाला लावत नाही.

"सावड," आबा म्हणाले.

आमच्याकडे ज्याच्याकडे एकच बैल असतो तो तशाच दुसऱ्या शेतकऱ्याशी सावड करतो. दोघांचे बैल एका जोखडाला, आज तुझं रान, उद्या माझं. आबा आणि काकांनी अशी सावड पंचवीस-तीस वर्षं चालवली. सावडीचा नियम एकच, कोणाचा बैल जास्त ओढतो हे कधी विचारायचं नाही. पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, पण या दोघांची सवय राहिली होती. पहिल्या महिन्यापासून, पहिल्याच बाटलीपासून, ते गोळ्या एकत्र करून वाटून घेत होते.

"अहो, पण पट्टा! तुम्हीच म्हणालात ना, एक पट्टा सोडायचा?"

"पट्टा सोडायचा," आबा म्हणाले, "पन सावडीदाराचा न्हाई."

मी त्यांना म्हटलं, हे सांगावं लागेल. आबा जराही घाबरले नाहीत. काका मात्र आठवडाभर मला "पोलीस पाटलीन" म्हणत होते.

दवाखान्यात मीच सांगितलं. डॉक्टर बाई आधी हसल्या, कारण त्यांना वाटलं मी विनोद करतेय. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे मोजणी बरोबर यायची कारण..." एवढं बोलून त्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मोठे डॉक्टर आले आणि चष्मा काढून बसले. तेव्हा आबांनीच बोलायला घेतलं.

"साहेब, तुमचं नुकसान केलेलं न्हाई. निम्मं खरं त्याच्या पोटात, निम्मं माझ्या. तुमी आमा दोघांत मिळून एक मानूस खरा धरा आन् एक खोटा. बेरीज तीच."

"आबा," डॉक्टर शेवटी म्हणाले, "अर्धा माणूस लिहायला आमच्या फॉर्मवर जागा नसते."

"मंग फॉर्म चुकलाय," काका म्हणाले.

दोघांची ती गोळी बंद झाली. तपासण्या मात्र चालू राहिल्या. येत राहा, तुमचं पुढे काय होतं तेही आम्हाला लिहायचं असतं, असं बाईंनी सांगितलं. बाहेर पडताना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. बराच वेळ येत होता.

त्यानंतर आबा आठ महिने होते. एका सकाळी वजन झालं, चहा झाला, आणि काका त्यांच्या रानातल्या पाइपाबद्दल काहीतरी सांगत असताना आबांनी उत्तर द्यायचं थांबवलं. काका आणखी थोडा वेळ बोलत राहिले. त्या दिवसाच्या ओळीत दोघांचे आकडे आहेत. पुढचं पान कोरं आहे, आणि मी ती वही बरेच दिवस उघडली नव्हती.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अभ्यास संपला की कोणाला कोणती गोळी होती ते उघड करतील, तोवर त्यांनाही माहीत नाही. मी वाट पाहू लागले. आणि वाट पाहता पाहता एक खोटं जुळवू लागले. मला तेवढंच जमण्यासारखं होतं. काहीही निघालं तरी काकांना सांगायचं की खरी गोळी तुमच्याच बाटलीत होती. तुम्ही आबांचं खाल्लं नाही, आबांनी तुमचं खाल्लं. मी ते मनात इतक्या वेळा घोकलं की त्याला पूर्णविरामसुद्धा ठरलेले होते.

एका दुपारी बाईंचा फोन आला. मी ग्रंथालयात होते, पुस्तकांना शिक्के मारत. त्यांनी दोन्ही बाटल्यांचे क्रमांक वाचले आणि सांगितलं, काकांच्या बाटलीत औषध होतं. आबांच्या बाटलीत नव्हतं.

मी दोनदा विचारून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा एक खोटं नीट जुळवलं होतं आणि ते वाया गेलं.

संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. ते अंगणात बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. पाय खरंच बघवत नव्हते. मी सांगितलं.

"खोटं बोलायलीस."

"नाही काका. शपथ."

"तुझ्या बापानं तुला शिकवलं. तू पुस्तकं वाचनारी, तुला खोटं बोलायला किती वेळ लागतंय?"

इतके दिवस खोट्याची तयारी केल्यामुळे मला खरं बोलताना धड डोळ्याला डोळाही भिडवता येईना. शेवटी मी बाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. बाईंनी अगदी शांतपणे, कागद वाचावा तसं, पुन्हा सगळं सांगितलं.

काका फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडले, "मंजी बाई, तेनं माझ्या खाल्ल्या का?"

"हो काका. निम्म्या."

"आन् तेच्या म्या?"

"त्यांच्या गोळीत काही नव्हतं काका."

काका मागे टेकले. त्यांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग त्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की मी बघतच राहिले. "चोर!" ते म्हणाले. "निस्ता चोर हाय तुझा बाप! चार म्हयने माझं खरं खाल्लं आन् मला काय दिलं? चुना दिला, चुना!" ते हसत होते आणि पटक्याच्या टोकाने डोळे पुसत होते. सून घरातून धावत आली, तिला वाटलं दुखणं जास्त झालं. "काय न्हाई," काका तिला म्हणाले, "हिच्या बापाची चोरी धरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर काठी वाजली. काका आपल्या नेहमीच्या जागी बसले, आधी चहा मागितला, मग काटा.

"पटका काढा," मी म्हटलं.

"न्हाई काढत. तेचं समदं पटक्यासकटच लिवलंय ना? मंग माझंबी तसंच लिव."

मी वही उघडली. काट्यावर चार किलो जास्तीचे होते. मी कोऱ्या पानावर काकांच्या रकान्यात आकडा लिहिला आणि म्हटलं, "आत्ताच्या एसटीने परभणीला जायचं. पाणी काढायला लागेल."

"जाऊ," काका म्हणाले. "पन व्हरांड्यात राम राम तेच्या वाट्याचेबी घालनार. बाईला सांगून ठेव, येळ लागंल."